वस्तीतली एकच चेन

आक्का, तुझा जलदानविधी झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कौसामावशी चेन मागायला आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. पदराचं टोक तोंडाशी धरून म्हणाली, "वच्छे, असल्या टायमाला हे मागू न्हाई, कळतंय मला. पर संगीला बघायला उद्या पाव्हणे येऊन राह्यले. आक्का होती तवाच ठरल्तं. आता त्याईला कसं न्हाई म्हणू?"

मी नुसती मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नसेल आणि मलाही सांगता आलं नसतं. ती गेल्यावर फळीवरून तुझा पावडरचा डबा काढला. कापसात गुंडाळलेली चेन आणि शेजारी खडूचा तुकडा. खडू माझ्याच शाळेतला. ओल खडू ओढून घेतो आणि दागिन्याचं पाणी टिकतं, हे तुला कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून तू माझ्या पिशवीतले खडू बिनदिक्कत काढून घ्यायचीस. "सरकारी हायेत ते," मी ओरडायचे. "मंग? सरकारनं मला एवढं बी देऊ न्हाई का?" असं म्हणून तू डब्याचं झाकण लावून मोकळी.

तू गेल्यापासून घरात येणारी प्रत्येक बाई सांगते, आक्का फार मायाळू होती. असशील. मी लहान असताना आपली माय गेली, तुझा नवरा वारल्यावर तू माहेरी परत आलीस, आणि मला वाढवलंस ते तूच. तेव्हा तुझी माया मला कुणी शिकवायला नको. पण तुझ्याशी कडाकडा भांडलेलं माणूस या वस्तीत मी एकटीच आहे, आणि मला ती भांडणारी आक्काच जास्त आठवते. हट्टी, दात खाऊन गप्प बसणारी. आपलं हे चेनीचं भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं आणि ते तसंच सोडून तू मधेच उठून गेलीस. असं कुणी करतं का?

दुष्काळ सरला त्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. मी जालन्याला वसतिगृहात राहून मास्तरकीचं शिकत होते आणि सुट्टीला मला न्यायला तू आष्टीहून आली होतीस. त्या वर्षी कापूस बरा झाला होता, वेचणीची मजुरी तुझ्या कमरेच्या पिशवीत होती. तुझ्या लुगड्याला दंड घातलेला होता, तोही उसवत आला होता. स्टेशनकडे जाताना तू थांबलीस तेव्हा मला वाटलं, आता लुगडं घेणार. तू शिरलीस ती सोन्याचं पाणी दिलेल्या दागिन्यांच्या दुकानात.

दुकानदाराने चेनांचा झुबकाच पुढे टाकला. तू एकेक उचलून तळहातावर ठेवत होतीस, उजेडाकडे तिरकी धरत होतीस. "हे लई पिवळं. सोनं असं वरडत न्हाई." दुसरी हाताच्या पाठीवरून ओढून पाहिलीस, केस अडकला, बाजूला ठेवलीस. "जाड घेतली तर माणसं हात लावून बघतेत. बारीक घेतली तर कुणी बघत न्हाई. मधली पाहिजे." मग लांबी. लोंबणारी नको, पदराला घासते आणि घासली की पाणी जातं. गळ्याबरोबर हवी. मग कडी उघड, लाव, उघड, लाव. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, चेन घ्यायची हाय का दुकान?" तू हसलीसुद्धा नाहीस. चपट्या कड्यांची एक साधी, जराशी मळकट सोनेरी चेन तू वेगळी काढलीस. आजही मान्य करते, त्या ढिगात सोन्यासारखी दिसणारी तेवढी एकच होती.

मी तिथेच भांडण काढलं. आपल्या मायनं गळ्यातलं कथील आणि पितळ काढून टाकलं ती गोष्ट तूच मला झोपवताना सांगायचीस. सगळ्या वस्तीतल्या बायांनी मिळून काढलं होतं. लांबून बघणाऱ्याला आपली जात कळावी म्हणून अंगावर लादलेला तो डाग आहे, हे त्यांना सभेत समजलं आणि घरी येऊन त्यांनी ते उकिरड्यात फेकलं. मी दुकानदारासमोरच म्हणाले, "मायनं फेकलं ते पितळ तू परत इकत आणून राह्यलीस. वरून रंग लावून."

तू आवाज न चढवता बोललीस. तुझा आवाज चढला नाही की मला भीती वाटायची. "मायनं केलं ते बराबर केलं. पर आता पोरी बघायला येणाऱ्या बाया पहिलं गळ्याकडं बघतेत. मोकळा गळा दिसला की इचारतेत, पोरगी रोजानं जाती का? कितवी शिकली ते कुणी इचारत न्हाई. तू जा वसतिगृहात अन् वाच तुझी पुस्तकं. इथं गेल्या वर्षी दोन पोरी नापसंत झाल्या, त्या माझ्या डोळ्याम्होरं हायेत."

परतूरपर्यंतच्या गाडीत तू ती चेन गळ्यात घातली होतीस. पदराच्या आत. खिडकीकडे तोंड करून बसली होतीस आणि मधूनच हात आत नेऊन चाचपत होतीस. मी बघितलं तर म्हणालीस, "टिकती का ते बघून राह्यले." त्यानंतर तू ती कधीच घातली नाहीस. घरी आल्यावर कापूस, डबा, फळी. चेन वस्तीची झाली.

तुझे नियम मला पाढ्यासारखे पाठ आहेत. साडी, वेणी, पावडर सगळं झाल्यावर शेवटी चेन घालायची आणि घरात पाऊल टाकताच आधी चेन काढायची. तेल नाही, साबण नाही, अत्तराचा तर वारासुद्धा नाही. नवरीला हळद लावताना डब्यात. काढली की मलमलच्या कोरड्या फडक्याने पुसायची, घासायची नाही, टिपायची. जिच्या गळ्यात चेन असेल तिच्या शेजारी तू स्वतः बसायचीस, पुढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन. पाहुण्यांना वाटायचं, मोठी बहीण असेल. तू चेनीवर पहारा देत असायचीस. पाहुण्यांनी विचारलं तर "आक्काची चेन हाय" एवढंच सांगायचं, आणि ते खरंच होतं. "आपण कुठं खोटं बोलून राह्यलो? सोन्याची हाय म्हून कुणी सांगतं का? ते त्याईच्या मनानं समजतेत," हा तुझा मुद्दा. मी म्हणायचे, समोरचा चुकीचं समजतोय हे दिसत असून गप्प बसणं म्हणजे खोटंच. तू म्हणायचीस, "असंल."

कौसामावशीनं हा नियम मोडला. तिच्या चंद्राचं मंठ्याला ठरत होतं, स्थळ चांगलं, सासूचा डोळा चेनीवर. कौसामावशी घाबरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "चेन पोरीचीच हाय. सासरी घालूनच येईल." लग्न झालं. चंद्रा चेन घालून सासरी गेली, पहिल्या माहेरपणाला परत आली, आणि चेन इथेच राहिली. कडी ढिली झाली, सोनाराकडे टाकली, असं कौसामावशीनं सासूला कळवलं. मंठ्याहून निरोपावर निरोप. तुझी झोप उडाली ती तेव्हापासून.

आणि त्यातच माझं स्थळ आलं. मुलगा परतूरला कारकून होता. मी तोवर नोकरीला लागले होते, महिन्याचा पगार घरात येत होता. मला त्या चेनीची काय गरज? मी तसं म्हणाले. तू म्हणालीस, "नोकरी गळ्यात दिसत न्हाई."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कौसामावशी चेन परत द्यायला आली ते हसतच आली. मागून नेलेली वस्तू होती त्याहून स्वच्छ करून द्यायची, ही आपल्या बायांची रीत. घागर नेली तर घासून, सूप नेलं तर झाडून. तिनं उपकाराची परतफेड म्हणून चेन चिंचेच्या कोळात भिजत घातली होती आणि वरून राखेने घासली होती, कळशी घासतात तशी. "बघ आक्का, कशी लख्ख केली!" तिनं मूठ उघडली. चेन लालसर पडली होती. मधे मधे सोनेरी ठिपके राहिले होते तेवढेच.

तू चेन घेऊन उजेडाकडे तिरकी धरलीस. ती बिचारी तुझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिला कळलं, मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. तू चेन पदराच्या गाठीत बांधलीस आणि समोरून आलेली यष्टी धरलीस. जालन्याला जाऊन, पाणी चढवणाऱ्याच्या दारात बसून, त्याच दिवशी काम करून घेऊन तू दिवेलागणीला परत आलीस. घाईचं काम. पाणी पातळ बसलं होतं आणि कडीजवळ तर धरलंच नव्हतं, तिथे लाल डाग तसाच होता. "केसाखाली झाकंल," तू म्हणालीस. तू सकाळपासून उपाशी होतीस म्हणून मी त्या दिवशी वाद घातला नाही. एवढंच काय ते मी तुझं ऐकलं असेल.

आपल्या घरात ती दुपार कशी होती, सांगू? पत्रे तापले होते. मी मान खाली घालून बसलेली आणि मानेवरून घाम उतरत होता. तू कानाशी पुटपुटलीस, "पदरानं पुसू नको. मी टिपते." मुलाची आई माझ्याकडे बघत होती. तिच्या शेजारी मुलाची मावशी बसली होती आणि ती मंठ्याची आहे हे आपल्याला बसल्यावर कळलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. चेनीकडे बघत होती.

"ही चेन मी कुठंतरी बघितली," ती म्हणाली.

तू पुढ्यातला तांब्या हातात घेतलास.

"आमच्या गल्लीत तुमच्या गावची पोर देलेली हाय. चंद्रा. तिच्या गळ्यात हीच व्हती लग्नात. तिची सासू तर रोज वाट बघून राह्यली, चेन सोनाराकडून कवा येती म्हून."

"तशाच दोन घेतल्या व्हत्या आमी," तू म्हणालीस.

ती बाई उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं दोन बोटांत चेन धरून मागून पुढे ओढली. कडी पुढे आली. लाल डाग तिच्या अंगठ्याखाली. ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "दोन?"

तेव्हा मी बोलले. "दोन न्हाईत. एकच हाय. सोन्याची बी न्हाई, पाणी देलेली हाय. आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरी हीच घालून बसतेत."

पाहुणे गेल्यावर तू दार लावून घेतलंस. मला वाटलं मारशील. तू भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "तू तुझ्यापुरतं बोलून मोकळी झालीस. तुझं मोडलं तर तुला नोकरी हाय. चंद्राला काय हाय?" मी तावातावाने खूप बोलले. खरं लपवायचं नसतं, आपण कुणाला भ्यायचं, मायनं काय केलं, सगळं बोलले. तू ऐकून घेतलंस. मग भांडी घासायला बाहेर गेलीस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही आक्का, आता सांगते. मी खऱ्यासाठी बोलले असं तुला वाटत राहिलं आणि मीही ते तसंच राहू दिलं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. पण त्या बाईनं "दोन?" म्हटलं तेव्हा तुझ्या हातातला तांब्या हलला आणि पाणी तुझ्या पायावर सांडलं, ते मी पाहिलं. दुष्काळी कामावर खडी फोडणारा तुझा हात. तो मी कधी थरथरताना पाहिला नव्हता. त्या बाईपुढे तुझं असं झालेलं मला बघवलं नाही. त्यावेळी माझ्या डोक्यात ना खरं होतं ना खोटं, फक्त तुला तिथून सोडवायचं होतं. आणि तुला वाटलं, मी तुला तोंडघशी पाडलं.

माझं जमलं. आठवडाभराने होकार आला. मंठ्याची ती मावशी त्यावर रुसली आणि पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. तू माझं लग्न सगळं नीट लावून दिलंस, मोकळ्या गळ्याने मी उभी राहिले, तू माझ्या वेणीत गजरा माळलास आणि मानेवरचे केस सारखे करताना तुझी बोटं क्षणभर तिथेच राहिली. पण आपल्यातलं बोलणं बदललं. मी परतूरहून आले की तू चहा करायचीस, शाळेचं विचारायचीस, खडू मागायचीस, आणि मग कुठल्यातरी शब्दावरून आपण पुन्हा तिथेच येऊन आदळायचो.

त्या भांडणात माझ्याकडे एक हुकमी पत्ता होता. चंद्राला काहीच झालं नव्हतं. मंठ्यात बोंब झाली असणार, मुलाकडची ती मावशी गप्प बसणारी नव्हती, पण चंद्रा सासरी नांदत होती, तिला मुलगाही झाला. मी दर वेळी तुला ऐकवायचे, "बघ, सांगितलं खरं, काय झालं? आभाळ कोसळलं का? तूच उगं भेत व्हतीस." एकदा तर तुझ्या आजारपणात, तू अंथरुणावर असताना सुद्धा मी हे म्हणाले. तू कूस बदललीस आणि म्हणालीस, "हाव. न्हाई काई झालं."

कौसामावशी चेन मागून गेली त्या दिवशी दुपारी चंद्रा आली. तुझ्यासाठी मंठ्याहून आली होती, बहिणीच्या बघण्यापर्यंत थांबली होती. मला म्हणाली, "ताई, माय रडून राह्यली घरी. चेन द्या." मी ताडकन तेच म्हणाले जे तुला म्हणायचे. म्हटलं, संगीला म्हणावं तशीच बस, आणि घालायची तर खरं सांगून घाल. तुझ्या वेळी कळलं सगळं, तुला काय झालं?

चंद्रा उंबऱ्यावरच खाली बसली. "मला काई झालं न्हाई," ती म्हणाली. "कामून झालं न्हाई, ठावं हाय का तुमाला?"

आणि तिनं सांगितलं. माझं बघणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मंठ्याला गेली होतीस. मला म्हणाली होतीस, परतूरला बाजाराला चालले. चंद्राच्या सासरी मुलाच्या त्या मावशीच्या आधी पोचायचं म्हणून गेलीस, पण ती आधीच येऊन बसली होती. चंद्राचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलेलं. सासू म्हणत होती, फसवलं, घेऊन जा पोरगी. गल्लीतल्या बाया जमलेल्या. तू ओट्याच्या खाली उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललीस.

"चेन माझी हाय. सोन्याची हाय म्हून मीच कौसाला देल्ती. तिला ठावं नव्हतं, पोरीला तर बिलकुल ठावं नव्हतं. त्या दोघींला बी मीच फसवलं. शिव्या मला द्या."

त्यांनी दिल्या. चंद्रा म्हणाली, ताई, मी दाराआड होते, मला सगळं ऐकू येऊन राह्यलं होतं. भामटी म्हणाल्या, पोरींवर धंदा करती म्हणाल्या. एकीनं तुझ्या वैधव्यावरून असं काही काढलं की ते चंद्राला मला सांगवेना. ती बाहेर येऊन खरं बोलणार होती, पण तू तिच्याकडे असं बघितलंस की तिचा पाय उंबऱ्यावरच थांबला. तू खाली मान घालून उभी. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. शिव्या देऊन देऊन सासू दमली आणि मग तिला सून निर्दोष वाटायला लागली. "पोरगी बिचारी ती काय करंल," असं तीच म्हणाली, आणि तिनंच गाठोडं आत नेलं.

मंठ्यात तुझं नाव आजही भामटी आक्का आहे. चंद्राची सासू तुझ्या मातीला आली नाही, ती त्यामुळे.

मी विचारलं, "मला कामून सांगितलं न्हाई कुणी?"

चंद्रा रडता रडता हसली. "आक्काच म्हणल्ती. वच्छीला सांगू नको. ती लगेच येईल खरं सांगायला."

मी तुझ्यावर किती चिडले, आक्का, तुला कल्पना नाही. चंद्रा गेल्यावर डबा भिंतीवर फेकून मारावा असं वाटलं. इतकी वर्षं मी तुझ्या तोंडावर तो पत्ता फेकत होते आणि तू तो मुकाट उचलून घेत होतीस. "हाव, न्हाई काई झालं." एकदा तरी म्हणायचंस, गप बस वच्छे, तुझ्या खऱ्याचं ओझं मी मंठ्याच्या ओट्यासमोर उतरवून आले. मी काय तुझी शत्रू होते? की मला खरंच तसं वाटू द्यायचं होतं तुला, की खरं बोललं की काही होत नाही? लहान लेकराला पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतात आणि त्याला सांगत नाहीत, तसं? आता मी विचारू कुणाला? तुझे उपकार मानावेत तर तुझा राग येतो. राग धरावा तर डोळ्यांपुढे ती खाली घातलेली मान येते. माझ्यासाठी कधी कुणापुढे वाकली नव्हतीस. चंद्रासाठी वाकलीस, आणि खरं तर माझ्यासाठीच.

संध्याकाळी मी डबा घेऊन कौसामावशीच्या घरी गेले. संगी चुलीपाशी बसली होती. मावशीनं मला बघून हात जोडले. "वच्छा, आक्काच्या जागी तूच बस पोरीजवळ. अन् इचारलं तर काय सांगायचं ते बी तूच सांग. मी आता तोंड उघडणार न्हाई."

तुझं सांगू की माझं? तुझ्यासारखं गप्प बसायचं म्हटलं तर मला जमणार नाही. माझ्यासारखं बोलायचं म्हटलं, तर ते निस्तरायला आता तू नाहीस. मी डबा संगीच्या पुढे ठेवला आणि तिलाच विचारलं, तुला काय वाटतं. या सगळ्या वर्षांत एकाही पोरीला हे कुणी विचारलं नव्हतं, तू नाही आणि मीही नाही.

संगीनं चेन काढून गळ्याला लावली आणि आरशाच्या तुकड्यात बघितलं. "मला आवडती ही," ती म्हणाली. "लई दिसापासून घालायची व्हती."

"अन् इचारलं तर?"

"तर सांगीन. पाणी देलेली हाय, मला आवडती म्हून घातली."

"अन् मोडलं तर?" कौसामावशीनं विचारलं.

"मोडू दे."

काल पाहुणे आले. मी तुझ्या जागी बसले, तांब्या पुढ्यात घेऊन. चंद्रा दाराआड, कौसामावशी भिंतीशी डोळे मिटून. मुलाची आत्या संगीला नाव, गाव, शिक्षण विचारत होती आणि मी फक्त तिच्या नजरेकडे बघत होते. ती नजर गळ्यावर आली. थांबली.

"चेन चांगली हाय. कितीची?"

मला पाणी प्यावंसं वाटलं, पण तांब्या उचलायची हिंमत होईना. संगी म्हणाली, "सोन्याची न्हाई. पाणी देलेली हाय. मला आवडती म्हून घातली."

"दिसती चांगली," आत्या म्हणाली आणि बशीत चहा ओतून फुंकायला लागली.

एवढंच. पुढचं बोलणं संगीच्या टायपिंगचं निघालं. मी वाट बघत राहिले, ती बाई परत वळेल, हात लावेल, काहीतरी टोचून बोलेल. ती वळली नाही. होकार येईल की नाही ते अजून ठाऊक नाही, निरोप यायचा आहे. पण चेनीचं तेवढ्या एका वाक्यात संपलं. पाहुणे गेल्यावर सगळे सुटल्यासारखे हसायला लागले आणि मला मात्र त्या बाईचा संताप आला. तिनं दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही! ज्याच्यापायी तुझी झोप गेली, ज्याच्यापायी तू परक्या गल्लीत शिव्या खाल्ल्यास, ज्याच्यापायी आपण दोघी बहिणी इतकी वर्षं धड बोललो नाही, ते तिनं चहाबरोबर पिऊन टाकलं.

मी उठले आणि मागच्या दाराने निघाले. चप्पलसुद्धा घातली नाही. हे तुला आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. सांगायचं काय, भांडायचंच होतं. वाटेने शब्द जुळवत चालले होते, आधी मंठ्याचं काढायचं की आधी संगीचं सांगायचं. आपल्या दाराशी आले तर दाराला कुलूप. "आता ही आणि कुठं गेली," असं मी मोठ्याने म्हणाले. किल्ली माझ्याच कमरेला होती.